नत्राचा आकडा आणि बाळाचे दूध

तान्ह्या बाळांसाठीच्या दूध पावडरीच्या डब्यावर प्रथिनांचा एक आकडा छापलेला असतो. मोठ्या माणसाच्या ताटात एखादा पदार्थ निकस निघाला तर दुसरा त्याची भरपाई करतो. आईचे दूध न मिळणाऱ्या दोन महिन्यांच्या बाळाला मात्र दुसरा पदार्थच नसतो. त्याच्या हाडामांसाची वाढ त्या एका डब्यावर अवलंबून असते, म्हणून डब्यावरचा आकडा कसा काढला जातो, हा प्रश्न केवळ रसायनशास्त्रज्ञांचा राहत नाही. शंभरहून अधिक वर्षे प्रयोगशाळांनी या दुधातली प्रथिने थेट मोजलेलीच नाहीत. त्यांनी नत्र मोजले आणि त्यावरून प्रथिनांचे अनुमान केले. अनुमान उत्तम होते आणि त्याने मोठे काम केले. पण अनुमान आहे याचा विसर पडून त्याला वस्तुस्थितीचा दर्जा मिळाला, तेव्हा त्याची किंमत बाळांनी मोजली. ती टाळण्याचे साधन दुग्धरसायनाच्या प्रयोगशाळांत सत्तर वर्षे आधीपासून होते. म्हणूनच ही गोष्ट दुर्दैवाच्या खाती टाकून मोकळे होता येत नाही.

या इतिहासाची सुरुवात आकड्याने झाली, तशी गुणाच्या प्रश्नानेही झाली. १८३८ मध्ये योहान फ्रान्झ सिमोन या जर्मन शास्त्रज्ञाने मानवी दूध आणि गाईचे दूध यांचे रासायनिक पृथक्करण प्रसिद्ध केले. गाईच्या दुधात प्रथिने कितीतरी जास्त असतात, हे त्यातून स्पष्ट झाले. १८६५ मध्ये युस्टुस फॉन लीबिगने गव्हाचे पीठ, माल्टचे पीठ, गाईचे दूध आणि थोडा क्षार यांपासून बाळांसाठी आहार सुचवला. वरच्या दुधाचा आधुनिक व्यापार त्यानंतर उभा राहिला. १८६९ च्या सुमारास फिलिप बीडर्टने आणखी खोलात जाऊन दाखवले की, दोन्ही दुधांतले केसीन हे प्रथिन सारखे वागत नाही. म्हणजे ‘प्रथिने किती’ आणि ‘प्रथिने कोणती’ हे दोन्ही प्रश्न एकोणिसाव्या शतकातच विचारले गेले होते. पुढे पहिल्या प्रश्नाचे उत्तर स्वस्त आणि सोपे झाले, आणि दुसरा प्रश्न मागे पडला.

ते उत्तर स्वस्त केले योहान केल्डाल या डॅनिश रसायनशास्त्रज्ञाने. कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग बिअर कारखान्याच्या प्रयोगशाळेत तो रसायन विभागाचा प्रमुख होता. त्याच्यापुढचा प्रश्न बाळांचा नव्हता, बार्लीचा होता: धान्याला मोड आणताना आणि ते आंबवताना त्यातल्या प्रथिनांचे काय होते? १८८३ मध्ये त्याने जी पद्धत जाहीर केली, ती आजही जवळपास तशीच वापरात आहे. नमुना तीव्र गंधकाम्लात उकळायचा, त्यातले नत्र अमोनियाच्या क्षारात बांधायचे, मग अल्कली घालून अमोनिया मोकळा करायचा, त्याचे ऊर्ध्वपातन करायचे आणि शेवटी तो किती निघाला ते अनुमापनाने ठरवायचे. प्रथिनांत सरासरी सोळा टक्के नत्र असते असे धरले की, नत्राला ६.२५ ने गुणून प्रथिनांचा आकडा मिळतो. दुधासाठी ६.३८ हा गुणक रूढ झाला, कारण केसीनमध्ये नत्राचे प्रमाण किंचित कमी असते. म्हणजे कोणता गुणक घ्यायचा यावरच एका भुकटीचा आकडा दोन टक्क्यांनी वरखाली होतो. बाळांच्या दुधासाठी आंतरराष्ट्रीय कोडेक्स मानकाने पुढे ६.२५ हा गुणक ठरवून दिला आणि शंभर किलोकॅलरीमागे १.८ ते ३ ग्रॅम अशी प्रथिनांची मर्यादा घातली.

गुणकाचा हा फरक क्षुल्लक म्हणता येईल. खरी अडचण आईच्या दुधाशी तुलना करताना येते. गाईच्या दुधातले सुमारे पाच टक्केच नत्र प्रथिनांबाहेरचे असते. आईच्या दुधात मात्र युरियासारख्या पदार्थांच्या रूपाने जवळजवळ पाव हिस्सा नत्र प्रथिनांबाहेर असते. सगळे नत्र एका गुणकाने गुणले की आईच्या दुधातली प्रथिने आहेत त्यापेक्षा जास्त दिसतात, आणि ज्याची नक्कल करायची तो नमुनाच चुकीचा ठरतो. शिवाय प्रथिनांची जातही वेगळी असते. गाईच्या दुधात केसीन सुमारे ऐंशी टक्के आणि दही-पनीर करताना निवळणाऱ्या पाण्यातली, म्हणजे व्हेची, प्रथिने वीस टक्के असतात. आईच्या पक्व दुधात व्हेची प्रथिनेच साठ टक्क्यांच्या आसपास असतात. गाईच्या व्हेमधले मुख्य प्रथिन, बीटा-लॅक्टोग्लोब्युलिन, आईच्या दुधात नसतेच. केल्डालच्या पात्रात हे सगळे भेद विरघळून जातात. १९६० च्या दशकात व्हे मिसळून गुणोत्तर बदललेली बाळदुधे बाजारात आली, तेव्हा त्यांचा दावा तपासायला एकूण नत्राचा आकडा निरुपयोगी होता. भारतातही म्हैसूरच्या केंद्रीय अन्नतंत्र संशोधन संस्थेने म्हशीच्या दुधापासून बाळांचा आहार तयार करण्याची प्रक्रिया बसवली आणि गुजरातमधल्या खेडा जिल्ह्याच्या सहकारी संघाने अमूलच्या नावाने तो बाजारात आणला, तेव्हा खरा प्रश्न घटकांच्या प्रमाणाचा आणि पचनाचा होता.

आकडा आणि वस्तू यांतले हे अंतर चीनमध्ये जीवघेणे ठरले. २००४ मध्ये आन्हुई प्रांतातल्या फुयांगमध्ये जवळपास प्रथिनेच नसलेली बनावट भुकटी पाजल्याने अनेक बाळे कुपोषित झाली आणि त्यांतली काही दगावली. तिथे नत्राची साधी चाचणीसुद्धा वेळेवर झाली असती तर फसवणूक उघडी पडली असती. चार वर्षांनी, सप्टेंबर २००८ मध्ये, हपेई प्रांतातल्या सानलू कंपनीचे प्रकरण बाहेर आले, आणि तिथे नेमके उलटे घडले होते: नत्राची चाचणी होत होती, म्हणूनच तिला चकवले गेले. पाणी घालून पातळ केलेल्या दुधात मेलामाइन हे प्लास्टिक उद्योगातले रसायन मिसळले जात होते. मेलामाइनमध्ये वजनाच्या दोन तृतीयांश नत्र असते. शुद्ध मेलामाइनला ६.२५ ने गुणले तर शंभर ग्रॅममध्ये चारशेहून अधिक ग्रॅम ‘प्रथिने’ असल्याचा अशक्य निष्कर्ष निघतो. सानलूच्या एका नमुन्यात किलोमागे २,५६३ मिलिग्रॅम मेलामाइन सापडले. हिशेब केला तर तेवढ्याने शंभर ग्रॅम भुकटीतली प्रथिने कागदावर एक ग्रॅमहून जास्त वाढतात. बाळांच्या मूत्रपिंडात मेलामाइनचे युरिक आम्लाबरोबर खडे झाले. सुमारे २,९४,००० बाळे बाधित झाली, सहा मृत्यूंना अधिकृत दुजोरा मिळाला, आणि बावीस कंपन्यांच्या उत्पादनांत मेलामाइन आढळले.

यावर पहिला आक्षेप असा की, हा गुन्हा होता. त्याचा दोष पद्धतीला का द्यावा? गुन्हेगारांना शिक्षा झाल्या, दोघांना फाशीही झाली, आणि नैतिक जबाबदारी त्यांचीच आहे याबद्दल दुमत नाही. पण केल्डालने आपल्या प्रयोगशाळेच्या बार्लीसाठी पद्धत तयार केली. त्या बार्लीत कोणी मुद्दाम नत्र मिसळणार नव्हते. प्रामाणिक नमुन्यासाठी बनवलेली चाचणी जेव्हा बाजारातला भाव आणि प्रवेश ठरवू लागते, तेव्हा तिची आंधळी जागा हेच भेसळीचे आमंत्रण असते. ती जागा कोणाला माहीत नव्हती असेही नाही. आपल्याकडे दुधातली युरियाची भेसळ जुनी आहे. २००७ मध्ये उत्तर अमेरिकेत चीनहून आलेल्या गव्हाच्या ग्लुटेनमध्ये मेलामाइन सापडले, पाळीव जनावरे मेली आणि मोठ्या प्रमाणावर त्यांचे खाद्य परत बोलावावे लागले. ही पूर्वसूचना वर्षभर आधी मिळाली होती.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. केल्डालची पद्धत स्वस्त आहे, गावोगावच्या प्रयोगशाळांत तिचे निकाल जुळतात. जेलमध्ये विद्युतप्रवाहाने प्रथिने वेगळी करणे किंवा द्रव क्रोमॅटोग्राफी या पद्धती महाग आहेत, आणि भुकटी करताना तापलेली प्रथिने रूप बदलतात, म्हणून त्यांचे निकालही निर्विवाद नसतात. हे खरे आहे. केसीन आणि व्हे यांचे नेमके गुणोत्तर तयार भुकटीत मोजणे आजही कठीण आहे. पण भेसळ पकडण्यासाठी इतक्या दूर जावे लागत नाही. १९३८ मध्येच रोलंड या दुग्धरसायनशास्त्रज्ञाने दुधातल्या नत्राची विभागणी करण्याची रीत मांडली होती. ट्रायक्लोरोॲसेटिक आम्लाने प्रथिने साकळतात, गाळणीवर राहतात. युरिया आणि मेलामाइन द्रवात उतरतात. गाळण्याआधी आणि गाळल्यावर, दोनदा केल्डाल केले की खरी प्रथिने वेगळी कळतात. उपकरण तेच, कौशल्य तेच, वेळ थोडा जास्त. २००० पासून अमेरिकेच्या संघीय दूधदर व्यवस्थेने एकूण नत्र सोडून खऱ्या प्रथिनांवर दर बांधला. शेतकऱ्याला मिळणाऱ्या पैशांसाठी जी काटेकोर मोजणी परवडली, ती बाळाच्या पोटासाठी परवडत नव्हती असे म्हणता येणार नाही.

मेलामाइननंतर जगाने जो उपाय केला तो मुख्यतः त्या एका रसायनापुरता होता. भारताने चिनी दुग्धपदार्थांच्या आयातीवर बंदी घातली, कोडेक्सने २०१० मध्ये बाळदुधाच्या भुकटीत किलोमागे एक मिलिग्रॅमची मर्यादा ठरवली. या तरतुदी आवश्यक होत्या, पण त्या कालच्या विषाचे नाव घेऊन पहारा देतात. उद्या नत्राने भरलेले दुसरे रसायन आले तर तो पहारा त्याला ओळखणार नाही. प्रथिनांचा दाखला मात्र खऱ्या प्रथिनांवरच दिला, तर माहीत नसलेल्या भेसळीलाही लाभ उरत नाही, कारण तिने आकडा वाढतच नाही. म्हणून बाळांच्या दुधाच्या बाबतीत एकूण नत्राचा आकडा ही तपासणीची पहिली पायरी मानावी, शेवटची नव्हे. खऱ्या प्रथिनांचे मापन कायद्याने सक्तीचे करावे, आणि उत्पादक केसीन-व्हेच्या गुणोत्तराचा दावा करत असेल तर तो सिद्ध करण्याची जबाबदारी त्याच्यावरच टाकावी. बीडर्टने विचारलेला ‘प्रथिने कोणती’ हा प्रश्न दीडशे वर्षांनीही तितकाच रास्त आहे, आणि त्याचे उत्तर मिळवायला लागणारा खर्च मूत्रपिंडात खडे झालेल्या एका बाळाच्या उपचारापुढे फार मोठा नाही.