भालचंद्र नेमाडे यांच्या कादंबऱ्या : महाविद्यालयीन जीवनाचे एक इतिहाससाधन

प्रस्तावना :
१९६० मध्ये महाराष्ट्र राज्याची स्थापना झाल्यानंतर उच्च शिक्षण क्रमाक्रमाने जिल्हा व तालुक्याच्या गावांपर्यंत पोहोचले. शिक्षणसंस्थांच्या अहवालांतून इमारती, विद्यार्थिसंख्या आणि निकाल यांच्या नोंदी मिळतात. अध्यापकाचे जीवन मात्र त्यांत क्वचितच दिसते. ही उणीव भालचंद्र नेमाडे यांच्या साहित्यातून काही अंशी भरून निघते. प्रस्तुत लेखात त्याच दृष्टीने त्यांच्या कादंबऱ्यांचा विचार केला आहे.

जीवन व अध्यापन :
नेमाडे यांचा जन्म २७ मे १९३८ रोजी खानदेशातील सांगवी येथे झाला. पुण्यातील फर्ग्युसन व डेक्कन महाविद्यालयांत शिक्षण घेतल्यानंतर त्यांनी अहमदनगर, धुळे, औरंगाबाद येथे अध्यापन केले. पुढे लंडन, गोवा व मुंबई येथील विद्यापीठीय संस्थांतही ते अध्यापक होते. इंग्रजीचे अध्यापन आणि मराठीत लेखन, हा त्यांच्या कार्याचा विशेष होय. देशीवादाची मांडणी या दुहेरी अनुभवापासून वेगळी काढता येत नाही. 'टीकास्वयंवर' या ग्रंथास १९९० चा साहित्य अकादमी पुरस्कार आणि त्यांच्या एकूण साहित्यास २०१४ चा ज्ञानपीठ पुरस्कार लाभला.

कादंबऱ्यांतील महाविद्यालय :
'कोसला' (१९६३) मधील पांडुरंग सांगवीकर हा खेड्यातून पुण्यास शिकावयास गेलेला विद्यार्थी आहे. 'बिढार' (१९७५), 'जरीला' (१९७७) आणि 'झूल' (१९७९) यांचा नायक चांगदेव पाटील हा इंग्रजीचा अध्यापक असून त्याला एका गावातून दुसऱ्या गावी नोकरीसाठी जावे लागते. बिढार म्हणजे पाठीवरचा संसार. नोकरीतील अस्थिरता त्या शीर्षकातूनच सूचित होते. संस्थाचालकांचा वरचष्मा, अध्यापकांतील जातिनिहाय गट, परीक्षांतील व्यवहार आणि भाड्याच्या खोलीतील एकाकीपण यांचे तपशील या कादंबऱ्यांत विखुरलेले आहेत.

साधन म्हणून मर्यादा :
कादंबरी हा दप्तरी पुरावा नव्हे. चांगदेवची दृष्टी उपरोधिक आहे आणि ती एका तरुण पुरुषाची आहे. स्त्री-अध्यापिका, शिपाई अथवा पहिल्या पिढीतील विद्यार्थी यांचा अनुभव तिच्यात पूर्णपणे सामावत नाही. म्हणून इतिवृत्ते, सेवापुस्तिका आणि मौखिक साक्षी यांच्याशी तिचा ताळा घेणे आवश्यक ठरते. तथापि कोणते प्रश्न विचारावेत, हे ती इतिहासकारास शिकविते.

निष्कर्ष :
१ जुलै १९९८ रोजी अकोला जिल्ह्यातून वेगळ्या झालेल्या वाशीमसारख्या जिल्ह्यात महाविद्यालयांचा इतिहास म्हणजे केवळ स्थापनेची तारीख व संस्थापकांची नावे, अशी समजूत होण्याचा धोका आहे. नेमाडे यांनी चितारलेल्या काळात नोकरीस लागलेली अध्यापकांची पिढी निवृत्त होऊन बराच काळ लोटला आहे. त्या पिढीच्या आठवणी महाविद्यालयांनी वेळीच नोंदविल्या नाहीत, तर तिचा इतिहास कादंबरीपुरताच उरेल.