श्वानांसाठी अपायकारक मानवी खाद्यपदार्थ

माणसाच्या रोजच्या आहारात असणारे, माणसाला निरुपद्रवी किंवा पौष्टिक ठरणारे, परंतु कुत्र्याच्या शरीरात गेल्यास विषबाधा, अवयव निकामी होणे अथवा मृत्यू यांस कारण होऊ शकणारे पदार्थ या संज्ञेत येतात. कांदा, लसूण, द्राक्षे, बेदाणे, चॉकलेट व झायलिटॉल हे त्यांपैकी प्रमुख होत. पाळीव कुत्र्याला ताटातला घास देणे आणि वस्तीतील भटक्या कुत्र्यांना उरलेले अन्न घालणे या दोन्ही गोष्टी महाराष्ट्रात सर्रास आढळत असल्याने हा विषय केवळ श्वानप्रेमींपुरता मर्यादित राहत नाही.

कांदा आणि लसूण

मराठी स्वयंपाकाच्या संदर्भात सर्वाधिक दुर्लक्षित धोका हाच आहे. कांदा, लसूण व त्यांच्या कुळातील पातीचा कांदा यांत गंधकयुक्त संयुगे असतात. त्यांच्यामुळे कुत्र्याच्या तांबड्या रक्तपेशींतील हिमोग्लोबिनची हानी होऊन पेशी फुटतात व रक्तक्षय होतो. शिजवल्याने, तळल्याने किंवा वाळवल्याने ही संयुगे नाहीशी होत नाहीत. त्यामुळे वाटण घातलेला रस्सा, कांदा-लसूण मसाला लावलेली भाजी, मटणाच्या रश्शात भिजवलेली पोळी हे सर्व पदार्थ या यादीत येतात. दर किलो वजनामागे १५ ते ३० ग्रॅम कांदा अपायकारक मानला जातो. म्हणजे १० किलो वजनाच्या कुत्र्यास दोन-तीन मध्यम कांदे पुरे होतात. लसूण वजनाच्या तुलनेत कांद्याहून अधिक तीव्र आहे. थोडे थोडे रोज दिल्यासही परिणाम साचत जातो.

लक्षणे बहुधा तीन ते पाच दिवसांनी दिसतात: हिरड्या फिकट पडणे, थकवा, धाप, लघवीचा रंग गडद तपकिरी होणे. रविवारच्या जेवणाचा आणि गुरुवारी निपचित पडलेल्या कुत्र्याचा संबंध घरातील माणसांच्या सहसा ध्यानी येत नाही आणि दोष हवापालटाला दिला जातो.

द्राक्षे, बेदाणे आणि चिंच

नाशिकची द्राक्षे व सांगलीचा बेदाणा यांना भौगोलिक मानांकन मिळालेले आहे. शिरा, खीर, पुलाव, लाडू यांत बेदाणे घालण्याची रीत घरोघरी आहे. कुत्र्यांमध्ये मात्र द्राक्षे व बेदाणे यांमुळे मूत्रपिंड अचानक निकामी होऊ शकते. किती खाल्ल्यावर बाधा होईल हे निश्चित सांगता येत नाही. एखाद्यास मूठभर खाऊनही काही होत नाही, तर दुसऱ्यास थोड्याच दाण्यांनी गंभीर आजार होतो. प्रथम उलट्या होतात. मूत्रपिंडाची हानी साधारणतः एक ते तीन दिवसांत स्पष्ट होते.

या विषबाधेचे कारण दीर्घकाळ अज्ञात होते. २०२१ पासून टार्टारिक आम्लाकडे संशयाची सुई वळली. पुढील वर्षी प्रसिद्ध झालेल्या संशोधनात चिंच खाल्लेल्या कुत्र्यांतही अशीच मूत्रपिंडाची इजा नोंदवली गेली. चिंचेत टार्टारिक आम्ल भरपूर असते. पाश्चात्त्य याद्यांतून चिंच बहुधा सुटते. मराठी घरात मात्र आमटी, सार, भेळेची चटणी यांतून ती सदैव हाताशी असते.

चॉकलेट, कॉफी आणि झायलिटॉल

कोकोतील थिओब्रोमीन माणसाच्या शरीरातून लवकर बाहेर पडते. कुत्र्याच्या रक्तात ते निम्म्यावर येण्यास सुमारे १७ तास लागतात. दर किलो वजनामागे २० मिलिग्रॅमच्या आसपास उलट्या, जुलाब व अस्वस्थता, ४० च्या पुढे हृदयाच्या ठोक्यांत बिघाड आणि ६० च्या आसपास झटके संभवतात. दुधाच्या चॉकलेटपेक्षा गडद चॉकलेट आणि त्याहून कोको पावडर अधिक धोक्याची. चहाचा चोथा व कॉफी यांतील कॅफिनचा परिणामही असाच होतो.

झायलिटॉल हा साखरेऐवजी वापरला जाणारा गोड पदार्थ. तो काही ‘शुगरफ्री’ च्युइंगगम, टूथपेस्ट, मधुमेहींची मिठाई व शेंगदाण्याचे लोणी यांत असतो. ‘बर्च शुगर’ हे त्याचेच दुसरे नाव. कुत्र्याच्या शरीरात त्यामुळे इन्सुलिन एकदम स्रवते व रक्तातील साखर १० ते ६० मिनिटांत घसरते. १० किलोच्या कुत्र्यास १ ग्रॅम पुरेसा असतो. त्याच्या पाचपट मात्रेने यकृत निकामी होऊ शकते.

इतर पदार्थ

मद्य, आंबवलेले कच्चे पीठ व मॅकाडेमिया हे दाणे टाळावेत. खारवलेले सुके मासे, पापड व लोणची यांतील मीठ जास्त झाल्यास झटके येतात. तुपकट, तळकट अन्नाने स्वादुपिंडास सूज येते. सणावारानंतर अशी शक्यता विशेष असते. बुरशी लागलेले शेंगदाणे व मका यांतील अफ्लाटॉक्सिन यकृतास घातक असल्याने ‘माणसाला नको म्हणून कुत्र्याला’ हा व्यवहार चुकीचा ठरतो. साधा भात, पोळी किंवा भाकरी यांत विषारी असे काही नाही, मात्र एवढ्यावर कुत्र्याचे पोषण होत नाही.

हाडे आणि गोवंडी परिसर

शिजवलेले हाड ठिसूळ होऊन त्याच्या धारदार कपच्या होतात. त्या घशात अडकतात किंवा आतडे भेदतात. कच्च्या मांसाचा धोका निराळा आहे. मुंबईच्या एम-पूर्व विभागात, हार्बर मार्गावरील गोवंडी स्थानकाच्या परिसरात देवनारचा कत्तलखाना (१९७१) व त्याहून जुनी देवनार कचराभूमी (१९२७) आहे. अशा ठिकाणी उघड्यावर पडणारे अवयव खाणाऱ्या कुत्र्यांच्या आतड्यात एकायनोकॉकस हा फीतकृमी वाढू शकतो. त्याची अंडी विष्ठेतून बाहेर पडतात आणि दूषित हात, पाणी वा भाजीवाटे माणसाच्या पोटात गेल्यास यकृतात किंवा फुप्फुसात द्रवाने भरलेली गाठ, म्हणजे हायडॅटिड पुटी, निर्माण होते. दाट वस्तीत, जेथे मुले व कुत्री एकाच गल्लीत वावरतात, हा प्रश्न सार्वजनिक आरोग्याचा होतो. घरातून टाकलेले कच्चे काळीज-फुप्फुसही याला अपवाद नाही.

भटक्या प्राण्यांना अन्न घालण्याच्या जागा व वेळा ठरविण्याची तरतूद प्राणी जन्मनियंत्रण नियम, २०२३ मध्ये आहे.

प्रथमोपचार

कुत्र्याने काय, किती व केव्हा खाल्ले हे टिपून ठेवावे व वेष्टन जपावे. लक्षणांची वाट न पाहता पशुवैद्यास कळवावे. मिठाचे पाणी पाजून उलटी करविण्याचा घरगुती उपाय स्वतःच मिठाची विषबाधा करू शकतो. दूध पाजल्याने विष उतरते हा समजही निराधार आहे. सक्रिय कोळसा चॉकलेटच्या बाधेत उपयोगी पडतो, झायलिटॉलमध्ये जवळजवळ नाही. बेशुद्ध किंवा झटके येत असलेल्या कुत्र्याच्या तोंडात काहीही ओतू नये. मुंबईत परळ येथे बाई साकरबाई दिनशा पेटिट पशुरुग्णालय असून त्याच आवारात १८८६ साली स्थापन झालेले मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे.