बंगालच्या मेंढीचा वंशविस्तार

इतिहास म्हणजे राजांच्या वंशावळी ही समजूत आपल्याकडे हळूहळू मागें पडली. परंतु तिच्या जागीं जो नवा इतिहास आला, त्यांतही माणसाखेरीज इतर प्राण्यांस फारसें स्थान मिळालें नाहीं. घोडा लढाईपुरता येतो, बैल शेतसाऱ्याच्या प्रकरणांत डोकावतो, आणि मेंढी तर बहुधा येतच नाहीं. प्रस्तुत लेखांत जिची हकीकत सांगावयाची आहे, ती सुंदरबनच्या दलदलींत गुडघाभर पाण्यांत उभी राहून चरणारी, दहाबारा किलो वजनाची एक खुजी मेंढी होय. तिला गारोळ म्हणतात. तिच्या अंगीं एक गुण असा कीं, एका वेतांत एकाऐवजीं दोन, क्वचित् तीन कोंकरें तिला होतात. हा गुण अठराव्या शतकाच्या अखेरीस कलकत्त्याहून जहाजांत बसून सिडनीस गेला, तेथें दीडशें वर्षें कोणाच्या ध्यानींमनीं नसतां परक्या मेंढ्यांच्या रक्तांत वाहत राहिला, आणि त्याची ओळख पटतां पटतां तोच गुण थेट बंगालमधून आमच्या सातारा जिल्ह्यांत फलटणास येऊन पोंचला.

हा प्रवास समजण्यास पशुपैदाशीच्या विद्येचा थोडासा पूर्वेतिहास ध्यानांत घेतला पाहिजे. ‘खाण तशी माती’ ही म्हण आपल्याप्रमाणें सर्व देशांतील पशुपालकांस मान्य होती. परंतु त्या म्हणीचा व्यवहारांत पद्धतशीर उपयोग करणारा पहिला नामांकित पुरुष म्हणजे इंग्लंडांतील डिशली येथील शेतकरी रॉबर्ट बेकवेल (१७२५–१७९५). हा आपले एडके विकीत नसे. तो ते हंगामापुरते भाड्यानें देई. त्यांत पैसा तर होताच, पण दुसऱ्यांच्या कळपांत त्या एडक्याची संतति कशी निपजते हें पाहून उत्तम तो परत आपल्या कळपाकरितां राखण्याचें शहाणपणही होतें. पुढें मोराविया प्रांतांतील ब्रनो शहरीं लोकरीच्या व्यापारामुळें मेंढपाळांचा एक मंडळच उभा राहिला. त्या मंडळांत तेथील मठाधिपति नाप यानें १८३७ मध्यें प्रश्न टाकला कीं, पैदास कशी करावी ही चर्चा पुरे झाली. पिढ्यान्‌पिढ्या उतरतें तें काय, आणि तें कसें उतरतें, हें आधीं सांगा. त्याच नापच्या मठांत १८४३ मध्यें ग्रेगॉर मेंडेल दाखल झाला, आणि १८६५ मध्यें त्यानें आपला सुप्रसिद्ध निबंध त्याच शहरांत वाचला. मेंढीच्या लोकरीनें उभा केलेला प्रश्न वाटाण्याच्या शेंगेनें सोडविला, असें म्हटलें तर फारशी अतिशयोक्ति होणार नाहीं.

मेंडेलचें शास्त्र गोठ्यांत शिरावयास मात्र वेळ लागला. वाटाणा एक हिरवा असतो, एक पिवळा असतो. दुधाचें किंवा वजनाचें तसें नाहीं. तेथें शेंकडों जनुकें थोडाथोडा वांटा उचलतात, आणि चारापाणी, रोगराई, ऋतुमान हीं आपापली भर घालतात. म्हणून अमेरिकेंतील जे लश यांच्या १९३७ च्या ग्रंथापासून पशुपैदाशीची विद्या संख्याशास्त्राच्या आधारानें चालूं लागली. तिची शिकवण थोडक्यांत अशी: एकेका जनुकाचा शोध घेत बसूं नका, सरासरी पाहा, निवड करीत राहा, आणि धीर धरा. शिकवण खरी होती व तिनें जगाचें दूध वाढविलें. परंतु कोणतीही खरी शिकवण फार काळ गादीवर बसली म्हणजे तिला अपवाद दिसेनासे होतात. पुढील हकीकत अशाच एका अपवादाची आहे.

ऑस्ट्रेलियांत इंग्रजांची वसाहत १७८८ मध्यें झाली. वसाहतवाल्यांस पोटाची चिंता होती, आणि मांसाकरितां जनावरें आणावयाचीं तर कलकत्त्याचें बंदर त्यांतल्या त्यांत सोयीचें होतें. १७९२ व १७९३ सालीं जीं बंगाली मेंढरें सिडनीस उतरलीं, तीं अशीं मुदपाकखान्यासाठीं आलेलीं होतीं. जॉन मॅकार्थर या लष्करी अधिकाऱ्यानें १७९४ च्या सुमारास अशा साठ बंगाली मेंढ्या व कोंकरें विकत घेतलीं. आयर्लंडच्या मेंढ्यांशीं त्यांचा संकर होतांच कोंकरांच्या अंगावर केस व लोकर यांची मिसळ दिसूं लागली, आणि लोकरीचा धंदा येथें चालेल ही कल्पना आपणांस त्यावरून सुचली, असें त्यानें पुढें स्वतःच नमूद केलें आहे. १७९७ मध्यें केपहून मेरिनो मेंढ्या आल्या आणि ऑस्ट्रेलियाचें भाग्य उघडलें. बंगाली मेंढीचें नांव मात्र मागें पडलें. केसाळ, खुजी, लोकरीच्या कामाची नव्हे. तिला कोण विचारतो? तिचें रक्त मेरिनोच्या कळपांत किती मिसळलें याचा हिशेब कोणीं ठेवला नाहीं. ठेवण्याचें कारणही नव्हतें.

यानंतर मधलीं दीडशें वर्षें सोडून द्यावीं लागतात. विसाव्या शतकाच्या मध्यास न्यू साउथ वेल्समधील कूमा गांवाजवळ ‘बूरूला’ नांवाच्या शेतावर सिअर्स नांवाचे बंधु मेरिनो मेंढ्या पाळीत असत. त्यांस जुळ्यातिळ्यांचा नाद होता. ज्या मेंढीला अनेक कोंकरें होत तिचींच कोंकरें ते पुढील पैदाशीस राखीत. शास्त्रज्ञांचें मत असें कीं, हा गुण इतका अल्प प्रमाणांत वारशानें उतरतो कीं त्याची निवड करणें म्हणजे वाळूंतून तेल काढणें. बूरूलाच्या कळपांत मात्र एका वेळीं चार, पांच, कधीं सहाही कोंकरें होऊं लागलीं. १९५८ मध्यें पांच भावंडांत जन्मलेला एक एडका या बंधूंनीं सी. एस. आय. आर. ओ. या सरकारी संशोधनसंस्थेस दिला, आणि तेथून पुढची कथा हेलन न्यूटन टर्नर या बाईंच्या हातीं गेली.

या बाईंचें चरित्र स्वतंत्र लेखाच्या योग्यतेचें आहे. १९०८ चा जन्म, पदवी वास्तुशास्त्राची. मंदीच्या काळांत त्या शास्त्रांत काम मिळेना म्हणून एका पशुवैद्यकीय प्रयोगशाळेंत चिटणिसाची जागा पत्करली. तेथील आंकडेमोड पाहून संख्याशास्त्राची गोडी लागली, तें शिकण्यास त्या इंग्लंडास गेल्या, आणि परत येऊन मेंढ्यांच्या पैदाशीच्या जगन्मान्य अधिकारी झाल्या. जुळ्यांसाठीं निवड करून दाखवावी हा प्रयोग त्यांनीं स्वतःच सुरू केला होता, म्हणून बूरूलाच्या एडक्याची किंमत त्यांस कळली.

कळपाची वाढ होत गेली तसा एक चमत्कार दिसूं लागला. मुलींमध्यें दोन जाती स्पष्ट पडत: कांहीं सामान्य, कांहीं बहुप्रसव; मधली पायरी जवळजवळ नाहींच. अनेक जनुकांचा खेळ असता तर चढ असा एकाएकीं आला नसता. १९८० च्या सुमारास पायपर व बिंडन या दोघां संशोधकांनीं सांगितलें कीं, हें एकाच जनुकाचें काम असावें. सरासरीच्या शास्त्रांत मुरलेल्या मंडळींस हें पचावयास जड गेलें. पण न्यूझीलंडमधील कळपांनींही तीच साक्ष दिली. वाटाण्याचा मेंडेल शेवटीं मेंढवाड्यांत शिरला तो असा.

शेवटचा निकाल २००१ मध्यें लागला. तीन निरनिराळ्या संशोधक-मंडळांनीं, एकमेकांपासून स्वतंत्रपणें, तें जनुक हुडकून काढलें. अंडाशयांतील पेशींस बाहेरचा निरोप पोंचविणारें एक प्रथिन असतें. त्याच्या साखळींतील २४९ वी कडी बदललेली आहे, आणि हा बदल मूळ संहितेंतील केवळ एका अक्षराच्या फरकानें झाला आहे. निरोप थोडा मंदावतो, बीजकोश लहान असतांनाच पक्व होतात, आणि एकाच्या जागीं दोन-तीन अंडीं सुटतात. पोथींत नकलकाराच्या हातून एक मात्रा चुकावी आणि सगळा अर्थ पालटावा, तसाच हा प्रकार. या जनुकाचें शास्त्रीय नांव ‘फेक-बी’; त्यांतील ‘बी’ बूरूलाचा.

आतां येथें आमचा अभिमान जागा होतो, कारण तो ‘बी’ बंगालचा असावयास हवा होता. परंतु ही तक्रार ऑस्ट्रेलियनांविरुद्ध करणें अन्यायाचें होईल. टर्नरबाईंनींच वसाहतीचे जुने कागद चाळून १९८२ मध्यें असें प्रतिपादिलें कीं, बूरूलाच्या या गुणाचें मूळ त्या विस्मृत बंगाली मेंढरांत शोधलें पाहिजे. दप्तरांतील पुराव्यावरून त्यांनीं जें अनुमान बांधलें त्यास २००२ मध्यें रक्ताच्या परीक्षेनें दुजोरा दिला: गारोळ मेंढ्यांत नेमका तोच एका अक्षराचा बदल सांपडला, जावा बेटांतील मेंढ्यांतही तो आढळला. हें पाहावयास टर्नरबाई नव्हत्या. त्या १९९५ मध्यें निवर्तल्या. इतिहासाच्या साधनांनीं काढलेला निष्कर्ष प्रयोगशाळेनें पुढें असा शब्दशः खरा ठरविल्याचीं उदाहरणें आमच्या व्यवसायांत फार नाहींत, म्हणून हें थोडें विस्तारानें सांगितलें.

दरम्यान दख्खनमध्यें काय चाललें होतें? आमची दख्खनी मेंढी काटक, चालण्यांत पटाईत, तिच्या काळ्या भरड लोकरीची घोंगडी प्रसिद्ध. परंतु जुळें तिला क्वचितच होतें. घोंगडीची मागणी घटली आणि धनगराचें सारें उत्पन्न कोंकरांच्या विक्रीवर येऊन ठेपलें. चराऊ रानें तर आक्रसत चाललीं. मेंढ्यांची संख्या वाढवून उत्पन्न वाढविण्याचा मार्ग बंद झाला; उरला तो एकच, आहे त्याच मेंढीपासून अधिक कोंकरें मिळविण्याचा. फलटणच्या निंबकर कृषि संशोधन संस्थेनें १९९० नंतरच्या दशकांत गारोळ मेंढ्या आणून लोणंदकडील दख्खनी मेंढ्यांशीं त्यांचा संकर आरंभिला, तो या विचारानें. पुढें ऑस्ट्रेलियाच्या शेतकी संशोधनाचें साहाय्य मिळालें, आणि पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेंत रक्ताची परीक्षा होऊं लागली.

त्या परीक्षेचें महत्त्व सामान्य वाचकाच्या सहसा ध्यानांत येत नाहीं. गारोळचें जनुक हवें, पण तिचा खुजेपणा नको. म्हणून संकरित पिलांचा पुन्हा दख्खनीशीं संबंध जोडावयाचा. म्हणजे गारोळचा अंश प्रत्येक पिढीस अर्धा, पाव, अर्धपाव असा उतरत जातो. परंतु त्याबरोबर तें जनुकही निम्म्या संततींतून गळतें, आणि कोणत्या निम्म्यांतून तें डोळ्यांस दिसत नाहीं. मेंढीची गोष्ट निदान वेतावरून कळेल. एडक्याच्या अंगावर तर त्याचें कांहींच चिन्ह नसतें. बेकवेलला यासाठीं मुलींचीं वेतें होईपर्यंत वर्षानुवर्षें वाट पाहावी लागली असती. आतां कोंकराच्या रक्ताचा एक थेंब पुरतो. अशा निवडींतून जी मेंढी तयार झाली तिला ‘नारी सुवर्णा’ हें नांव मिळालें. जनुकाच्या दोन्ही प्रती असलेला एडका धनगराच्या कळपांत सोडला कीं त्याच्या प्रत्येक मुलीस एक प्रत निश्चित मिळते, आणि तिच्या वेताची सरासरी एकावरून दीडाच्या आसपास जाते.

मग प्रश्न सुटला काय? येथें शास्त्रज्ञापेक्षां धनगराचें ऐकलें पाहिजे. दिवाळीनंतर कळप घेऊन जो कोंकणाची वाट धरतो, त्याला वाटेंत जन्मलेलें एक कोंकरूं उचलून न्यावें लागतें. दोन झालीं तर ओझें दुप्पट. मेंढीचें दूध एकाला पुरतें, दुष्काळी सालीं एकालाही पुरत नाहीं. तिळें झालें तर तिसरें बहुधा हातचें जातें. म्हणूनच फलटणच्या मंडळींनीं दोन प्रतींचा हव्यास मेंढ्यांमध्यें धरला नाहीं. धनगराच्या मेंढीला एकच प्रत पुरे, असें त्यांचें धोरण राहिलें. तें मला फार शहाणपणाचें वाटतें. अधिक तें उत्तम हा गिरणीचा न्याय, मेंढवाड्याचा नव्हे. ज्यांच्याजवळ थोडी बागाईत आहे, जे मेंढ्या गांवीं राखून चारा घालूं शकतात, त्यांस जुळ्यांचा लाभ उघड आहे. जो सदा फिरस्ता, त्याच्या घरचा हिशेब वेगळा आहे, आणि तो त्यालाच करूं दिला पाहिजे.

आणखी एक अडचण अगदीं मेंडेलच्या गणितांतली. एक प्रत असलेल्या मेंढीस बाहेरचा साधा एडका लागला तर तिच्या निम्म्याच मुलींत तो गुण उरतो, नातींत त्याच्याही निम्मा. धनगर एडका निवडतो तो उंची, रंग, नाकाची ठेवण आणि चाल पाहून; जनुक त्याला दिसत नाहीं, दिसणारही नाहीं. परीक्षित एडके कोणीतरी सतत पुरविले, कोंकरांचें रक्त तपासून देण्याची सोय जवळपास राहिली आणि तिचा खर्च त्याच्या आटोक्यांत असला, तरच हा गुण त्याच्या कळपांत टिकतो.