चिपिंग कॅम्पडन : बाजार उठून गेल्यावर

कॉट्सवोल्ड्सचे फोटो घरी पाठवले की उत्तर ठरलेलं असतं, "अगदी कॅलेंडरवरचं गाव!" मधाच्या रंगाचा दगड, उतरती छपरं, खिडकीखाली फुलं... दृष्ट लागावी असंच असतं सगळं. पण ही गावं इतकी देखणी का राहिली, हे वाचल्यापासून मला ते फोटो जरा वेगळेच दिसू लागले आहेत. म्हणून हा पसारा.

आधी नावाचं बघू. चिपिंग कॅम्पडन, चिपिंग नॉर्टन, चिपिंग सॉडबरी. 'चिपिंग' म्हणजे जुन्या इंग्रजीत बाजार. लंडनच्या चीपसाइडमधला 'चीप' त्याचाच सख्खा भाऊ. आपण नावामागे 'पेठ' लावतो, हे पुढे 'चिपिंग' लावतात, इतकंच. पण कुणीही उठावं आणि चार पाट्या मांडून बाजार भरवावा, असं नव्हतं. सहसा राजाची सनद लागे. जवळच्या स्टो-ऑन-द-वोल्डला ती पहिल्या हेन्रीकडून ११०७ साली मिळाली. जागेचं भाडं आणि जकात त्या जमीनदाराला किंवा मठाला मिळायची, त्यामुळे सनदेसाठी चढाओढ असे.

शेजारी दुसरा बाजार उभा राहिला तर? तेराव्या शतकातल्या ब्रॅक्टनच्या कायद्याच्या ग्रंथात याचं मोठं गोड गणित आहे. माणसाची दिवसाची चाल वीस मैल. तिचे तीन भाग करा. एक जायला, एक देवघेवीला, एक उजेडात घरी परतायला. म्हणून ६⅔ मैलांच्या, म्हणजे साधारण पावणेअकरा किलोमीटरच्या आत नवा बाजार नको! म्हणजे माप धरलं होतं ते डोक्यावर ओझं घेऊन चालणाऱ्या माणसाचं. मला हे फार आवडलं.

कॅम्पडनला खरा पैसा आला तो लोकरीतून. इथली लोकर फ्लँडर्स आणि इटलीपर्यंत जायची. गावच्या चर्चमध्ये विल्यम ग्रेव्हेल या व्यापाऱ्याचा पितळी स्मृतिपट आहे. तो १४०१ साली वारला, आणि पटावर त्याला साऱ्या इंग्लंडच्या लोकर-व्यापाऱ्यांचं भूषण म्हटलंय. नॉर्थलीचच्या चर्चमध्ये १४५८ साली वारलेला जॉन फोर्टी तर एक पाय मेंढीवर आणि दुसरा लोकरीच्या गठ्ठ्यावर ठेवून उभा आहे. पैसा कुठून आला, हे त्याने देवाच्या दारातही लपवलं नाही.

या श्रीमंतीची किंमत भलत्यांनीच मोजली. प्लेगनंतर माणसं कमी उरली, आणि नांगरापेक्षा मेंढी परवडू लागली. ठिकठिकाणी शेतं कुरणं झाली, कुळं निघाली, काही खेडी पार पुसली गेली. मेंढ्या माणसांना खाऊ लागल्या, अशी तक्रार थॉमस मोरने १५१६ च्या 'युटोपिया'त घालून ठेवली आहे.

पुढे काळ फिरला. कापडाचा धंदा आधी पाण्याचा जोर असलेल्या स्ट्राउडच्या खोऱ्यांत आणि नंतर कोळसा आणि वाफेच्या मागोमाग यॉर्कशायरला गेला. कॅम्पडन मागे पडलं. इतर गावांनी पैसा आल्यावर जुनी घरं पाडली, कारखाने उभे केले. इथे पाडून नवं बांधायला पैसाच नव्हता! आपण ज्याला 'जपलेलं' म्हणतो, ते बरंचसं परवडत नव्हतं म्हणून राहिलेलं आहे. १९०२ साली सी. आर. अ‍ॅशबी लंडनच्या ईस्ट एंडमधून आपले कारागीर आणि त्यांची कुटुंबं, अशी दीडशेच्या आसपास माणसं घेऊन इथे आला, कारण घरं रिकामी होती आणि स्वस्त होती. त्याची संस्था १९०८ पर्यंत बुडाली, पण काही कारागीर इथेच राहिले.

आज त्याच घरांच्या किमती ऐकल्या तर घेरी येईल. तिथे वाढलेल्या तरुण जोडप्याला घर घेणं अवघड, आणि कित्येक घरांत मालक फक्त सुट्टीला येतात. गरिबीने वाचवलेलं गाव गरिबाला परवडेनासं झालं आहे. यात दोष कुणाचा म्हणायचा? फोटो काढायला जाणाऱ्यांत मीही असतेच की.

हाय स्ट्रीटवरचा मार्केट हॉल मात्र चुकवू नका. बॅप्टिस्ट हिक्स या लंडनच्या बड्या कापड-व्यापाऱ्याने तो १६२७ साली बांधला. चारी बाजूंनी उघडा, नुसत्या कमानी आणि वर छप्पर. लोणी, चीज, कोंबड्या विकायला येणाऱ्यांना पावसात उभं राहायला लागू नये म्हणून. याच हिक्सने स्वतःसाठी भलामोठा वाडा बांधला होता. तो १६४५ साली यादवी युद्धात राजाच्याच सैन्याने निघून जाताना जाळला. विकणाऱ्यांचं छप्पर टिकलं! १९४० च्या दशकात ते एका अमेरिकन पाहुण्याला विकलं जायच्या बेतात होतं, तेव्हा गावकऱ्यांनी पैसे जमवून ते घेतलं आणि नॅशनल ट्रस्टच्या हवाली केलं.

आत गेलात तर वरची लाकडं बघून झाल्यावर खालीही बघा. फरशी सरळ नाही, खड्डे-उंचवटे आहेत. कितीतरी बाजारच्या दिवसांची पावलं पडली आहेत त्यावर. मला तरी सगळ्या कॅम्पडनमध्ये तीच जागा सगळ्यात जास्त आवडली.