मुंबई विद्यापीठातील ज्ञानशाखांची घडण

१८ जुलै १८५७ रोजी मुंबई विद्यापीठाच्या स्थापनेचा कायदा झाला, तेव्हा त्या विद्यापीठाचा स्वतःचा एकही वर्ग भरत नव्हता आणि एकही प्राध्यापक त्याच्या सेवेत नव्हता. १८५४ च्या वुडच्या खलित्याने त्यासाठी लंडन विद्यापीठाचा नमुना पुढे ठेवला होता आणि त्या नमुन्यात शिकवण्याचे काम महाविद्यालयांकडे, तर अभ्यासक्रम आखणे, परीक्षा घेणे आणि पदव्या देणे ही कामे विद्यापीठाकडे होती; महाविद्यालयांना विद्यापीठाशी बांधणाऱ्या या व्यवस्थेलाच पुढे संलग्नता म्हटले जाऊ लागले. कला, कायदा, वैद्यक आणि स्थापत्य अभियांत्रिकी या चार विद्याशाखा, म्हणजे संबंधित विषयांचे परीक्षण ज्यांच्या कक्षेत येई असे प्रशासकीय गट, प्रारंभी अस्तित्वात आल्या. ज्ञानाच्या स्वरूपाविषयीचा विचार या विभागणीमागे फारसा नव्हता. एल्फिन्स्टन महाविद्यालय, १८४५ चे ग्रँट वैद्यकीय महाविद्यालय, पुण्याची अभियांत्रिकी शाळा आणि मुंबईतील कायद्याचे वर्ग या संस्था आधीच चालू होत्या आणि सरकारी नोकरी, न्यायालये, रुग्णालये व बांधकाम खाते यांना लागणारी माणसे त्यांतून तयार होत होती, हेच तिचे खरे कारण होते.

१८६२ मध्ये महादेव गोविंद रानडे, रामकृष्ण गोपाळ भांडारकर, बाळ मंगेश वागळे आणि वामन आबाजी मोडक हे विद्यापीठाचे पहिले चार कला पदवीधर झाले. यांतील भांडारकरांनी प्राच्यविद्येत आणि रानड्यांनी इतिहास व अर्थशास्त्रात जे काम केले, त्याने पुढच्या कित्येक पिढ्यांना विषय पुरवले. परंतु ते काम विद्यापीठाच्या एखाद्या विभागात झाले नाही, कारण असा विभागच नव्हता. विषय प्रश्नपत्रिकेच्या रूपात होता, त्याला ज्ञानशाखेचे रूप आलेले नव्हते. ज्ञानशाखा म्हणजे ठरावीक प्रश्न, ते सोडवण्याच्या मान्य पद्धती, आणि त्या पद्धती एका पिढीकडून दुसरीकडे नेणारी गुरुशिष्यांची साखळी. केवळ परीक्षा घेणाऱ्या संस्थेकडे यांतील पहिल्या दोन गोष्टी इंग्लंडहून येणाऱ्या पाठ्यपुस्तकांतून पोहोचत होत्या, तिसरी मात्र पोहोचू शकत नव्हती.

मराठीची या काळातील स्थिती या उणिवेचा सर्वांत ठळक पुरावा आहे. देशी भाषांना सुरुवातीच्या नियमांत असलेली जागा १८६० च्या दशकात वरच्या परीक्षांमध्ये संस्कृत, लॅटिन यांसारख्या अभिजात भाषांकडे गेली, आणि ती परत मिळवण्यासाठी रानड्यांना अनेक वर्षे खटपट करावी लागली. १९०१ मध्ये, म्हणजे रानड्यांच्या निधनाच्याच वर्षी, एम. ए. च्या परीक्षेत देशी भाषांना प्रवेश मिळाला. विद्यापीठाचा स्वतंत्र मराठी विभाग उभा राहायला त्यानंतरही १९६९ साल उजाडावे लागले. तोवर मराठीचे संशोधन मुख्यतः महाविद्यालयांतील व्यासंगी प्राध्यापकांनी आणि विद्यापीठाबाहेरच्या संस्थांनी सांभाळले, आणि त्यांच्या या श्रमांची नोंद विद्यापीठाच्या इतिहासात अजून पुरेशी झालेली नाही.

१९०४ च्या विद्यापीठ कायद्याने विद्यापीठांना स्वतः अध्यापन करण्याची वाट मोकळी केली, तरी मुंबईत या वाटेवरचे पहिले भरीव पाऊल १९१९ मध्ये, अर्थशास्त्र आणि समाजशास्त्र यांच्या अध्यापनाची सोय झाली तेव्हा पडले. समाजशास्त्र व नागरिकशास्त्राचे पहिले प्राध्यापक म्हणून आलेले पॅट्रिक गेडिस हे मूळचे वनस्पतिशास्त्रज्ञ होते, आणि शहरांच्या मांडणीचा विचार करत भारतातील अनेक नगरांची पाहणी त्यांनी त्याआधीच केली होती. स्थळ, काम आणि लोक या तिहींचा एकत्र अभ्यास केल्याशिवाय कोणतेही शहर समजत नाही, अशी त्यांची धारणा असल्यामुळे भूगोल, जीवशास्त्र, इतिहास आणि नगररचना यांच्यामधल्या भिंती ते मानतच नसत. दृष्टीचा असा विस्तार त्या काळी दुर्मीळ होता. मात्र १९२४ मध्ये गेडिस मुंबई सोडून गेले, तेव्हा त्यांच्या रीतीने काम करणारी शिष्यपरंपरा मुंबईत मागे राहिली नाही.

ती परंपरा निर्माण झाली ती गोविंद सदाशिव घुर्ये यांच्याकडून. मालवणात जन्मलेल्या घुर्यांचे शिक्षण संस्कृतचे होते, आणि गेडिसांच्या व्याख्यानांना उपस्थित राहिल्यानंतर विद्यापीठाच्या साहाय्याने ते इंग्लंडला गेले. केंब्रिजमध्ये त्यांनी डब्ल्यू. एच. आर. रिव्हर्स यांच्या आणि १९२२ मध्ये रिव्हर्स वारल्यावर ए. सी. हॅडन यांच्या मार्गदर्शनाखाली मानवशास्त्राचे काम पुरे केले. १९२४ पासून १९५९ पर्यंत समाजशास्त्र विभागाची सूत्रे त्यांच्याकडे होती. १९३२ मध्ये त्यांचा जात आणि वंश यांवरील ग्रंथ प्रसिद्ध झाला, आणि पुढे साधू, महादेव कोळी, वेशभूषा असे एकमेकांपासून दूर वाटणारे विषयही त्यांनी हाताळले. धर्मशास्त्राचे ग्रंथ आणि प्रत्यक्ष क्षेत्रातील पाहणी यांची सांगड घालणारी त्यांची पद्धत पुढे ग्रंथांवरच फार विसंबणारी म्हणून टीकेचा विषय झाली, आणि त्या टीकेत तथ्यही आहे. परंतु संस्कृतच्या शिस्तीतून आलेल्या माणसानेच भारतीय समाजशास्त्राला संस्थेचे रूप दिले, ही गोष्ट तेवढीच महत्त्वाची आहे. एका शाखेत पक्के मुरलेले मन दुसऱ्या शाखेत शिरते तेव्हा नवी शाखा रुजते, हे या उदाहरणात स्पष्ट दिसते.

पुणे जिल्ह्यातील लोणीकंद या गावाविषयीचे घुर्यांचे काम या दृष्टीने विशेष मोलाचे आहे. पेशवाईच्या अखेरीनंतर लगेचच ईस्ट इंडिया कंपनीच्या सेवेतील शल्यवैद्य टॉमस कोट्स यांनी या गावाचे सविस्तर वर्णन लिहून ठेवले होते, आणि सुमारे सव्वाशे वर्षांनी त्याच गावाची पुन्हा पाहणी करून घुर्यांनी १९६० मध्ये दोन काळांची तुलना मांडली. इथल्याच दप्तरातून उचललेला आणि इथल्याच शेतशिवारात तपासलेला असा प्रश्न कोणत्याही परदेशी पाठ्यपुस्तकात सापडला नसता.

घुर्यांच्या विद्यार्थ्यांत इरावती कर्वे, एम. एन. श्रीनिवास, अ. रा. देसाई ही नावे होती आणि यांतील कोणीही गुरूची री ओढत बसले नाही, हे त्या विभागाचे सर्वांत मोठे यश मानावे लागेल. श्रीनिवासांनी ग्रंथांपेक्षा प्रत्यक्ष पाहणीला वरचे स्थान दिले, देसायांनी मार्क्सवादी चौकटीतून भारतीय राष्ट्रवादाची सामाजिक पार्श्वभूमी उलगडली. इरावतीबाई पुण्याच्या डेक्कन कॉलेजात गेल्या. १९३९ मध्ये संशोधन संस्था म्हणून पुन्हा सुरू झालेल्या त्या संस्थेतील पुरातत्त्वज्ञ ह. धी. सांकळिया यांच्याबरोबर त्यांनी गुजरातमधील लांघणज येथील उत्खननात भाग घेतला आणि तिथे मानवी सांगाडे मिळाले तेव्हा पुरातत्त्व व मानवशास्त्र एकाच खड्ड्याच्या काठावर उभे राहिले. आज ज्याला आंतरविद्याशाखीय, म्हणजे एकाहून अधिक ज्ञानशाखांच्या पद्धती एकाच प्रश्नावर लावणारे, संशोधन म्हणतात, त्याचा हा उत्तम नमुना होय. दोघांपैकी प्रत्येकाचे स्वतःच्या विषयावर पूर्ण प्रभुत्व होते म्हणूनच तो शक्य झाला.

विज्ञानाच्या बाजूला रासायनिक तंत्रज्ञान विभागाची कथा वेगळ्या दिशेने जाते. कापडगिरण्यांच्या शहराला रंग, रंगाई आणि रासायनिक प्रक्रिया जाणणारी माणसे हवी होती, आणि या गरजेतून १९३३ मध्ये हा विभाग सुरू झाला. रंगद्रव्यांचे थोर अभ्यासक के. वेंकटरामन यांच्या नेतृत्वाखाली गिरणीच्या प्रश्नातून मूलभूत रसायनशास्त्रापर्यंत पोहोचणारी वाट तिथे तयार झाली. पुढे वेंकटरामन पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे पहिले भारतीय संचालक झाले. विभाग इतका मोठा झाला की २००८ मध्ये तो विद्यापीठातून बाहेर पडून स्वतंत्र अभिमत विद्यापीठ झाला. वैद्यकाचे अभ्यासक्रम तर १९९८ मध्ये स्थापन झालेल्या नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाकडे गेले. अशा प्रत्येक विभाजनाला प्रशासकीय कारणे होती, तरीही रसायन, वैद्यक आणि समाजशास्त्र यांचे अभ्यासक एकाच विद्यापीठात असण्याचा जो लाभ होता, तो त्यामुळे कायमचा हरवला, याची खंत वाटल्यावाचून राहत नाही.

२०१६ च्या महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियमाने विद्याशाखा पुन्हा चारच ठेवल्या, पण त्या विज्ञान व तंत्रज्ञान, वाणिज्य व व्यवस्थापन, मानव्यविद्या आणि आंतरविद्याशाखीय अभ्यास अशा आहेत. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही बहुविद्याशाखीय शिक्षणाचा आग्रह धरला असून मुख्य विषयाच्या जोडीला गौण विषय घेण्याची मुभा विद्यार्थ्यांना दिली आहे. हा बदल स्वागतार्ह आहे. मात्र विद्यार्थ्याने दोन विषयांची श्रेयांके, म्हणजे अभ्यासाच्या तासांवर मोजली जाणारी एकके, मिळवली म्हणून दोन ज्ञानशाखा एकत्र येत नाहीत. त्या एकत्र येतात त्या अध्यापकांच्या मनात आणि कामात, आणि त्यासाठी आधी अध्यापक नेमलेले असावे लागतात. राज्यातील विद्यापीठांत मंजूर पदे वर्षानुवर्षे रिक्त राहत असतील, तर चौथी विद्याशाखा पुन्हा १८५७ च्या अवस्थेत, प्रश्नपत्रिकेपुरती, शिल्लक राहण्याचा धोका खरा आहे.

या विद्याशाखेपुढे कोणते प्रश्न येऊ शकतात, हे मुंबईतील एका पुरावरून दिसते. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझच्या वेधशाळेने २४ तासांत ९४४ मिलिमीटर पावसाची नोंद केली, आणि ही वेधशाळा विद्यापीठाच्या कालिना येथील विद्यानगरीपासून दूर नाही. त्या पुराचा अभ्यास करणाऱ्याला हवामानशास्त्र, मिठी नदीचा भूगोल, भराव टाकून वाढवलेल्या शहराचा इतिहास, जमिनीविषयीचे कायदे आणि नदीकाठच्या वस्त्यांचे समाजशास्त्र हे सारे लागते, म्हणजे गेडिसांची दृष्टी लागते. परंतु असा अभ्यास एका प्रबंधावर न थांबता तीस-पस्तीस वर्षे चालायचा असेल, तर घुर्यांच्या विभागाने जे दिले ते, म्हणजे स्थिर पदे, समृद्ध ग्रंथालय, क्षेत्रपाहणीसाठी पैसा आणि मतभेदाची मोकळीक मिळालेले विद्यार्थी, विद्यापीठाला द्यावे लागेल. असा प्रबंध कोणत्या अभ्यासमंडळाकडे, म्हणजे विषयाचे अभ्यासक्रम ठरवणाऱ्या तज्ज्ञ समितीकडे, जावा आणि तो तपासायला कोणत्या शाखांचे परीक्षक एकत्र बसावेत, याचे नियम आखण्यापासून चौथ्या विद्याशाखेने कामाला सुरुवात करणे आवश्यक आहे.