प्रार्थनामंदिरातील मौन

'हाय नून' हा अमेरिकन चित्रपट १९५२ साली पडद्यावर आला. त्यातील गोळीबारापेक्षा प्रार्थनामंदिरातला प्रसंग आम्हांला अधिक अस्वस्थ करतो. हॅडलीव्हिल या काल्पनिक गावचा मार्शल विल केन याने तुरुंगात धाडलेला गुंड दुपारी बाराच्या आगगाडीने सूड घ्यावयास येत आहे. रविवारची उपासना चालू असता केन आत शिरून मदत मागतो. काही जण उठतात, आणि लगेच वाद पेटतो. लोकांना मारावयास व मरावयास कसे धाडू, या पेचात धर्मोपदेशक निरुत्तर होतो. शेवटी गावचा प्रतिष्ठित हेंडरसन केनची तोंडभरून स्तुती करतो आणि गावात रक्त सांडले तर भांडवल येणार नाही, म्हणून त्यालाच निघून जावयास सांगतो.

ही कथा त्या काळाचीच होती. पटकथाकार कार्ल फोरमन यांना चित्रीकरण चालू असतानाच, सप्टेंबर १९५१ मध्ये, अमेरिकन प्रतिनिधिगृहाच्या चौकशी समितीपुढे उभे राहावे लागले. एकेकाळच्या कम्युनिस्ट सहकाऱ्यांची नावे सांगण्यास त्यांनी नकार दिला. भागीदारी तुटली, काम मिळेना. १९५२ मध्ये ते इंग्लंडला गेले. चित्रपटाला चार ऑस्कर मिळाले, तरी जॉन वेन यांनी १९७१ च्या एका मुलाखतीतही त्याला अमेरिकाविरोधी ठरविले. हॉवर्ड हॉक्स यांचा 'रिओ ब्राव्हो' (१९५९) तर त्याला उत्तर म्हणूनच निघाला. दिग्दर्शक फ्रेड झिनेमन यांना मात्र यात राजकारणापेक्षा सद्सद्विवेकबुद्धीचा प्रश्न दिसला. पुढे संत थॉमस मोर यांच्यावरील 'अ मॅन फॉर ऑल सीझन्स' (१९६६) त्यांनीच दिग्दर्शित केला, हे ध्यानात घेण्याजोगे आहे.

मे २०२५ मध्ये कान महोत्सवात दाखविलेल्या अॅरी अॅस्टर यांच्या 'एडिंग्टन'नेही समीक्षकांत अशीच दुफळी माजविली. न्यू मेक्सिकोतील काल्पनिक गाव, २० सालची महामारी, मुखपट्टीवरून शेरीफ व महापौर यांच्यात जुंपलेले वैर! हॅडलीव्हिलचे लोक निदान समोरासमोर बोलत होते. एडिंग्टनमध्ये जो तो आपल्या फोनमध्ये बुडालेला आहे.

प्रवचनपीठावर उभे राहताना त्या धर्मोपदेशकाची अडचण आम्हांला परकी वाटत नाही. शस्त्र घ्या, असे तो सांगू शकत नव्हता, हे खरे. परंतु या माणसाला एकटे सोडू नका, एवढे तर तो सांगू शकला असता!

या पेचाचे एक उत्तर पोलंडमध्ये मिळाले. ४ जून १९८९ च्या निवडणुकीसाठी 'सॉलिडॅरिटी'ने गॅरी कूपर यांनी साकारलेल्या याच मार्शलचे भित्तिपत्रक लावले. छातीवर संघटनेचे चिन्ह होते आणि हातात पिस्तुलाऐवजी मतपत्रिका. खुल्या निवडणुकीच्या सिनेटमधील १०० पैकी ९९ जागा सॉलिडॅरिटीने जिंकल्या. पडद्यावर केन एकटा पडला होता. पोलंडमध्ये त्याच्यामागे सारे गाव उभे राहिले.