स्वतःच्या शेतात रानडुक्कर मारलं तर गुन्हा होतो का? जालन्याच्या शेतकऱ्याला कायदा नेमकं काय करू देतो?

टेक्सासमधला एक माणूस. खांद्यावर रायफल, शेजारी पिकअप गाडी आणि समोर शेकडो एकरांचं खासगी कुरण, ज्याला तिकडं रँच म्हणतात. सकाळी एकटाच निघतो, संध्याकाळपर्यंत चार-पाच रानडुकरं मारतो आणि व्हिडिओ टाकतो. असे रील्स मराठी फीडमध्येही फिरतात. खाली एक कमेंट ठरलेली असते: दादा, एकदा आमच्या मक्यात या.

कमेंट गमतीची असली तरी ती टाकणारा बहुतेक वेळा रात्री राखणीला जाणारा असतो. जालना जिल्ह्यात भोकरदन-जाफराबादचा मका असो किंवा अंबड-घनसावंगीचा ऊस, रानडुकराने केलेली नासधूस पाहिली नाही असं गाव सापडणं अवघड. मग प्रश्न पडतो की शेत आपलं, पीक आपलं, नुकसान आपलं, तर डुक्कर मारायला आडकाठी कुणाची?

थोडक्यात उत्तर असं: शेत तुमचं असलं तरी डुक्कर तुमचं नाही. लेखी परवानगीशिवाय ते मारणं गुन्हा आहे. परवानगी मिळू शकते, पण ती 'आज ठरवलं आणि आज मारलं' अशी मिळत नाही.

टेक्सासमध्ये चालतं, मग इथं का नाही?

अमेरिकेत रानडुक्कर मुळात नव्हतंच. सोळाव्या शतकात स्पॅनिश लोकांनी पाळीव डुकरं नेली, ती सुटली आणि रानटी झाली. पुढं शिकारीसाठी युरोपातली रानडुकरंही आणून सोडली गेली. आज तिथं त्यांची संख्या ६० लाखांच्या पुढं असल्याचा सरकारी अंदाज आहे आणि कायद्याच्या नजरेत ती बाहेरून आलेली उपद्रवी जात आहे. टेक्सासने तर २०१९ मध्ये नियम आणखी सैल केले. खासगी जमिनीवर, मालकाच्या संमतीने डुक्कर मारायचं असेल तर शिकारीचा परवानाही लागत नाही.

आपल्याकडचं रानडुक्कर इथलंच आहे. बिबट्याचं ते भक्ष्य आहे आणि त्याची पिल्लं लांडग्याच्या तावडीत सापडतात. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम १९७२ नुसार ते संरक्षित आहे. आधी ते अनुसूची ३ मध्ये होतं. २०२२ च्या दुरुस्तीने अनुसूचींची संख्या सहावरून चारवर आली आणि १ एप्रिल २०२३ पासून रानडुक्कर अनुसूची २ मध्ये गेलं. जमिनीचा मालक कोण, हा प्रश्न या कायद्यात येतच नाही. जंगलात मारा, गायरानात मारा किंवा सातबारा नावावर असलेल्या शेतात मारा, कलम ९ सगळीकडं सारखंच लागतं.

जंगल नाही, तर डुकरं येतात कुठून?

जालन्याबद्दल हा प्रश्न हमखास विचारला जातो. जिल्ह्यात वनक्षेत्र जेमतेम एक टक्क्याच्या आसपास. मग 'जंगल कमी झालं म्हणून जनावरं शेतात आली' हे नेहमीचं वाक्य इथं पुरत नाही.

रानडुकराला घनदाट जंगल लागतच नाही. दिवसा लपायला दाट आडोसा, प्यायला पाणी आणि लोळायला चिखल मिळाला की त्याचं भागतं. जायकवाडीचा डावा कालवा अंबड, घनसावंगी, परतूर भागातून जातो. कालव्याच्या आणि गोदावरीच्या पाण्यावर ऊस उभा राहिला. ऊस म्हणजे वर्षभर न हलणारं, आत माणूस न फिरणारं दाट रान. दुधना, पूर्णा, केळणा या नद्यांच्या आणि ओढ्यांच्या काठाने वेडी बाभूळ माजली आहे. कळप दिवसा तिथं पडून राहतो आणि अंधार पडला की कडेच्या शेतात शिरतो. उत्तरेला अजिंठ्याच्या डोंगररांगेची झुडपी रानं आहेतच.

खाण्याच्या बाबतीत या जनावराला काहीही चालतं. भुईमूग उकरतं, हरभरा तुडवतं, ऊस बुडाशी चावून आडवा पाडतं. मक्यात तर खाण्यापेक्षा नासाडी जास्त, कारण एका कणसासाठी अख्खं ताट मोडलं जातं. मादी चार महिन्यांहून थोड्या कमी काळात विते आणि एका वेळी चार-सहा पिल्लं सहज होतात. पिल्लं उचलणारा लांडगा कमी झालेला आणि वाघ तर जिल्ह्यात नाहीच. कळप वाढायला आणखी काय हवं?

त्यावर गावागावांत उपाय चालू असतात. शेताभोवती जुन्या साड्या बांधतात, फटाके फोडतात, रेकॉर्ड केलेला कुत्र्याचा आवाज भोंग्यावर लावतात. चार-आठ दिवस फरक पडतो, मग डुकरं सरावतात. त्यांची नजर बेताची पण नाक विलक्षण तीक्ष्ण. साडीला माणसाचा वास येतो तोवर ती थांबतात, वास उडाला की साडी म्हणजे नुसतं फडकं.

कायद्यातली वाट कोणती?

कलम ११ (१) (ख). अनुसूची २ मधला प्राणी माणसाच्या जिवाला किंवा मालमत्तेला धोकादायक झाला असेल, तर मुख्य वन्यजीव रक्षक किंवा त्यांनी अधिकार दिलेला अधिकारी त्याची शिकार करायला परवानगी देऊ शकतो. 'मालमत्ता' या शब्दात शेतातलं उभं पीकही येतं, हे कायद्यातच लिहिलंय. महाराष्ट्र सरकारने २०१५ मध्ये रानडुक्कर आणि रोही (नीलगाय) यांच्यासाठी हा अधिकार खाली, वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यापर्यंत आणला. म्हणजे अर्ज घेऊन नागपूरला जायची गरज नाही.

आदेश मात्र लेखी हवा. त्यात कारण हवं, कोणत्या भागात मारायचं ते हवं आणि कोण मारणार त्या व्यक्तीला परवानगी हवी. नाव भावाचं आणि बंदूक मेहुण्याने चालवली, असं चालत नाही. मेलेलं जनावर कलम ३९ प्रमाणे सरकारी मालमत्ता ठरतं. त्याची माहिती वन विभागाला द्यायची, पंचनामा होतो आणि विल्हेवाट विभागाच्या देखरेखीत लागते. मटण वाटून घेणं हा स्वतंत्र गुन्हा, आणि नेमकं इथंच बरेच जण अडकतात, कारण कुणीतरी पातेल्याचा फोटो स्टेटसला ठेवतं.

परवानगीशिवाय मारल्यास तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. वापरलेलं हत्यार आणि गाडीही जाऊ शकते. शिकारीची व्याख्याही रुंद आहे. विष घालणं, फास लावणं, आमिष ठेवणं, मारण्यासाठी हाकणं, एवढंच काय, नुसता प्रयत्न करणंही शिकारच.

(शहरात गटारीच्या कडेला फिरणारी मोकाट डुकरं वेगळी. ती पाळीव जातीची, त्यांना हा कायदा लागू नाही. तो विषय नगरपालिका-महापालिकांचा.)

परवानगी मिळाली, बंदूक कुठून आणायची?

खरी अडचण इथं सुरू होते. शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम १३ मध्ये शेतकऱ्याची आठवण ठेवलेली आहे: पीक संरक्षणासाठी ठासणीची बंदूक. नळीच्या तोंडातून दारू आणि छर्रे ठासायचे, एक बार काढायचा आणि पुन्हा ठासत बसायचं. ती पुरेशी नाही असं परवाना देणाऱ्या अधिकाऱ्याला पटलं तर काडतुसाची साधी बंदूकही मिळू शकते. पण शस्त्र परवान्यासाठी अर्ज, पोलिसांचा अहवाल, चौकशी हे सगळं आलं, आणि तोवर मका काढून बाजारात गेलेला असतो. ज्यांच्याकडं आजोबांच्या काळचा परवाना आहे, त्यांनाही निवडणूक लागली की बंदूक ठाण्यात जमा करावी लागू शकते.

म्हणजे कागदावर हक्क आहे, पण तो वापरायचं साधन बहुतेक शेतकऱ्यांकडं नाही. वन विभागाने बाहेरचे नेमबाज बोलवावेत, हा पर्याय उरतो. चंद्रपूर जिल्ह्यात तो वापरला गेला आणि २०१६ मध्ये त्यावरून थेट केंद्रीय मंत्रिमंडळात जुंपली. मनेका गांधींनी चंद्रपुरातल्या रानडुकरांच्या हत्येचा उल्लेख करत तेव्हाचे पर्यावरणमंत्री प्रकाश जावडेकर यांच्यावर जाहीर टीका केली. जावडेकरांचं म्हणणं होतं की राज्यांनी मागितल्यावरच अशी परवानगी दिली जाते.

एकट्याने रात्री जाणं का अंगलट येतं?

बंदूक हातात असली तरी रात्रीच्या मक्यात समोर हलतंय ते डुक्करच आहे, हे कशावरून? २०२५ च्या जानेवारीअखेर पालघर जिल्ह्यात बोरशेतीच्या जंगलात रानडुकराच्या शिकारीला गेलेल्या टोळक्यातल्या एकाने आपल्याच साथीदाराला डुक्कर समजून गोळी घातली. तो मेला, आणि बाकीच्यांनी प्रेत लपवलं. जालन्यात तर शेतीची वीज पाळीने रात्री येते. तुम्ही राखणीला असता त्याच वेळी शेजारचा पाणी द्यायला बांधावर उभा असतो.

डुक्कर जखमी झालं तर वेगळंच प्रकरण. मोठा नर शंभर किलोच्या आसपास भरतो आणि त्याचे सुळे माणसाच्या मांडीच्या उंचीवर लागतात. तिथली मोठी रक्तवाहिनी फाटली तर दवाखाना गाठायला मिनिटंच हातात असतात. एकट्या माणसाला उचलून न्यायलाही कुणी नसतं.

'अंगावर आलं म्हणून मारलं' हा बचाव कायद्यात आहे. स्वतःचा किंवा दुसऱ्याचा जीव वाचवण्यासाठी सद्हेतूने मारलं तर कलम ११ (२) प्रमाणे गुन्हा होत नाही. पण पुढची ओळ फारसं कुणी वाचत नाही: त्या वेळी तुम्ही स्वतःच या कायद्याखालचा गुन्हा करत असाल, तर हा बचाव मिळत नाही. विनापरवाना शिकारीला गेलेल्या माणसावर डुक्कर उलटलं, तर तो स्वसंरक्षण सांगू शकत नाही.

तारेत सोडलेली वीज: सगळ्यात जास्त घात इथं होतो

बंदूक नाही, परवानगीला वेळ नाही. मग संध्याकाळी बांधाभोवती उघडी तार ओढायची आणि मोटारीच्या पेटीतून किंवा थेट आकड्याने तिच्यात वीज सोडायची. राज्यात दर पावसाळ्यात यामुळे माणसं मेल्याच्या बातम्या येतात. मरणारा बहुतेकदा शेजारी असतो, सालगडी असतो, गवताला आलेली बाई असते किंवा सकाळी तार काढायला विसरलेला स्वतः शेतकरी.

बरेच जण 'आम्ही झटकाच लावलाय' असं म्हणून या तारेचा बचाव करतात, म्हणून फरक समजून घ्यायला हवा. झटका मशीन बॅटरीवर किंवा सौर पॅनलवर चालतं. त्याचा दाब हजारो व्होल्टचा असतो, पण झटका सेकंदाला साधारण एकदा, क्षणाच्या अगदी लहान भागापुरताच येतो. त्यातली ऊर्जा इतकी थोडी की जनावर दचकून मागं सरतं, मधल्या वेळात हात सोडवता येतो. घरगुती लाईन २३० व्होल्टची, ऐकायला कमी, पण प्रवाह अखंड. स्नायू आखडतात, तार हातातून सुटत नाही, आणि ओल्या मातीत उभ्या माणसाचं हृदय बंद पडतं. मशीनऐवजी थेट लाईन जोडली की 'झटका' हे नाव खोटं ठरतं.

अशा तारेने माणूस दगावला तर भारतीय न्याय संहितेचं कलम १०५, म्हणजे सदोष मनुष्यवध, लागू शकतं. आकडा टाकला असेल तर वीज अधिनियमाचं कलम १३५ वेगळं. आणि तारेत डुक्करच सापडलं तरी वन्यजीव कायदा आहेच, कारण शिकारीचा परवाना असला तरी तो वीज सोडायचा परवाना होत नाही. गावठी बॉम्ब पिठात घालून ठेवण्याचंही तसंच. तो आधी शेजाऱ्याची गाय चावते.

'उपद्रवी' जाहीर करून टाकलं तर?

कलम ६२ प्रमाणे केंद्र सरकार ठराविक भागात, ठराविक काळापुरता प्राणी उपद्रवी जाहीर करू शकतं. त्या काळात परवानगीची गरज उरत नाही. बिहारमध्ये नीलगाय आणि रानडुकरासाठी डिसेंबर २०१५ मध्ये, उत्तराखंडमध्ये रानडुकरासाठी फेब्रुवारी २०१६ मध्ये असे आदेश निघाले. केरळने अनेकदा मागणी करूनही केंद्राने नकार दिला, तेव्हा २०२२ मध्ये तिथल्या सरकारने डुक्कर मारण्याच्या परवानगीचे अधिकार पंचायतींच्या प्रमुखांकडं दिले. महाराष्ट्रातही ही मागणी अधूनमधून उठते.

मग आज सकाळी शेत उद्ध्वस्त दिसलं तर काय करायचं?

आधी फोटो, तेही लोकेशन चालू ठेवून. पायांचे ठसे, उकरलेली माती, मोडलेली ताटं, सगळं. रान साफ करायची घाई नको. तीन दिवसांच्या आत वनरक्षक किंवा वनपरिक्षेत्र कार्यालयात तक्रार द्यायची आणि पोच मागून घ्यायची. वन, महसूल आणि कृषी विभागाचे कर्मचारी पंचनामा करतात आणि ठरलेल्या कमाल मर्यादेत भरपाई मिळते. ती नुकसानीएवढी नसते ही तक्रार खरी आहे. शिवाय जालन्यात जंगलच कमी म्हणून वनरक्षकाकडं गावं पसरलेली, त्यामुळं फोनवर न थांबता लेखी अर्ज दिलेला बरा. शिकारीच्या परवानगीचा अर्जही त्याच फेरीत देता येतो आणि आधीचे पंचनामे त्याला जोडता येतात. रानडुकराच्या हल्ल्यात माणूस दगावला तर वारसांना २५ लाख रुपयांपर्यंत मदतीची तरतूद आहे.

सामूहिक सौर कुंपणाला अनुदान देणारी डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजना मुळात व्याघ्र प्रकल्प आणि अभयारण्यांभोवतीच्या गावांसाठी आखलेली. त्यामुळं आपलं गाव त्यात बसतं का, हे ग्रामपंचायतीने आधी वन विभागाकडून लेखी विचारून घ्यावं.

नवी गोष्ट पीक विम्यातली. वन्यप्राण्यांनी केलेलं नुकसान प्रधानमंत्री पीक विमा योजनेत अतिरिक्त संरक्षण म्हणून आणायचा निर्णय केंद्राने नोव्हेंबर २०२५ मध्ये जाहीर केला, खरीप २०२६ पासून. नुकसान झाल्यापासून ७२ तासांत पीक विमा ॲपवर लोकेशनसह फोटो टाकून कळवायचं. कोणते प्राणी आणि कोणते जिल्हे त्यात येणार, ते राज्य सरकारने अधिसूचनेत सांगायचं आहे. तेव्हा हप्ता भरताना सेतू केंद्रावर एवढंच विचारायचं: यादीत जालना आहे का, आणि रानडुक्कर आहे का?